तिसऱ्या मजल्याचं पोटॅशियम

सोमवारी सकाळी माझी मुलगी कुठे जाणार, हा प्रश्न काही केल्या डोक्यातून जात नाही. हॉस्पिटलच्या तळघरातल्या तिच्या टेबलाशी, की माझ्या भावाच्या औषधांच्या गोदामात? तिच्या मते तळघरात, त्यात विचारण्यासारखं काय आहे! माझ्या भावाच्या मते गोदामात, ते तर ठरलेलंच आहे. त्याला तसं वाटतं, कारण तीन आठवड्यांपूर्वी मीच तिला न विचारता "येईल ती, माझ्यावर सोड" असं त्याला सांगून बसले. उद्या सकाळी आठ वाजता तो पक्कं विचारायला फोन करणार आहे.

मी तसं का केलं हे सांगायचं, तर ती काय करते ते आधी सांगायला हवं. आणि माझं घोडं तिथेच अडत आलंय.

"मुलगी काय करते हो तुमची?" शेजारच्या बाई दर दोन महिन्यांनी विचारतात. "डॉक्टर ना?"

"नाही."

"मग नर्स?"

"नाही हो."

"कॉम्प्युटरवाली?"

"अर्धी."

"आणि उरलेली अर्धी?"

उरलेल्या अर्धीचं उत्तर माझ्याकडे नसायचं. मग मी घाईघाईनं त्यांच्या गुडघ्याची चौकशी करायची.

विषयाचं नाव जैववैद्यकीय माहितीशास्त्र. तिचे बाबा म्हणतात, "हे नाव उच्चारून होईपर्यंत लिफ्ट पाचव्या मजल्यावर पोचते." त्यांनी आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या, त्यामुळे त्यांचं वेळेचं माप तेच.

खरं म्हणजे या मुलीनं हे काम अकराव्या वर्षीच सुरू केलं होतं. तेव्हा बाबांचं ब्लड प्रेशर जरा वर दिसत होतं. डॉक्टरांनी घरी यंत्र आणून रोज मोजायला आणि लिहून ठेवायला सांगितलं. लिहायचं काम तिनं आपणहून घेतलं. महिन्यानं आम्ही वही डॉक्टरांपुढे ठेवली, तर ते पानं उलटता उलटता हसायलाच लागले. प्रत्येक आकड्यापुढे बारीक अक्षरांत काहीतरी लिहिलेलं. 'चार जिने चढून आले.' 'झोपून उठले.' 'मॅच हरलो.' 'मामा आला होता.' आणि मामा आला होता त्या तिन्ही दिवशी आकडा सगळ्यांत वर!

"हे लिहायला तुला कोणी सांगितलं गं?" डॉक्टरांनी विचारलं.

"कोणी नाही. पण आकडा एकटा काय सांगणार?"

डॉक्टरांनी पुढचा महिना दहा मिनिटं शांत बसून मग मोजायला सांगितलं, आणि बाबांची गोळी टळली. मामाला ही गोष्ट आम्ही अजून सांगितलेली नाही. बाबांनी मात्र त्या दिवसापासून तिचं नाव 'प्रश्नपत्रिका' ठेवलं.

पुढे ती जीवशास्त्र शिकली, मग दोन वर्षं एका रक्त तपासणीच्या लॅबमध्ये होती. तिथे यंत्रातून छापून आलेला रिपोर्ट पलीकडच्या खोलीत एक माणूस पुन्हा हातानं टाइप करायचा. ती रोज घरी येऊन त्यावर चिडायची. चिडून चिडून प्रोग्रॅमिंग शिकली. मग म्हणाली, आता मला या विषयाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम करायचाय.

मी अठ्ठावीस वर्षं ग्रंथपाल होते. पुस्तकाला एक विषय आणि विषयाला एक कपाट, यावर माझा संसार चालला. तिच्या विषयाचं पहिलं पुस्तक आमच्या वाचनालयात आलं, तेव्हा ते तीन दिवस माझ्या टेबलावर पडून होतं. वैद्यकाची कपाटं खिडकीपाशी, कॉम्प्युटरची दारापाशी, संख्याशास्त्र वरच्या माळ्यावर. आणि या पुस्तकात तिन्ही होती, वर कायदा आणि भाषाशास्त्र! शेवटी मी ते वैद्यकात लावलं. तिला सांगितलं तर म्हणाली, "चालेल. पण मग कॉम्प्युटरवाल्यांना ते कधीच सापडणार नाही. आई, माझं काम म्हणजे नेमकं हेच गं."

"काय हेच?"

"हॉस्पिटलात डॉक्टर एक लिहितो, नर्स दुसरं लिहिते, लॅबचं यंत्र तिसरंच बोलतं, आणि यातलं कोणी दुसऱ्याच्या कपाटापाशी जात नाही. हार्ट अटॅक ही एकच गोष्ट आमच्याकडे अकरा तऱ्हांनी लिहिलेली आहे. वर्षभरात किती जणांना आला, असं कोणी विचारलं तर आधी ते अकराही ओळखायला नकोत का?"

त्या दिवशी मला पहिल्यांदा थोडं उजाडलं. अकरा तऱ्हांनी लिहिलेली एकच गोष्ट! हा तर ग्रंथपालाचा धंदा. फक्त तिच्या कार्डावर पुस्तकाऐवजी माणूस होता.

तरी काळजी गेली नाही. ज्या कामाला कपाट नाही, त्याला खुर्ची कोण देणार? हॉस्पिटलनं तिला घेतलं तेही वर्षावर्षाच्या कराराने. तिची जागा बघायला गेले तर तळघरात, जुन्या फायलींच्या खोलीला लागून. खिडकी नाही, डोक्यावरून पाण्याचे पाइप, आणि एका पाइपाखाली कायमची बादली. खोलीत तिघं जण. एक डॉक्टरबाई, ज्यांनी वीस वर्षं रोगी तपासले आणि आता कॉम्प्युटर शिकताहेत. एक आकडेमास्तर, संख्याशास्त्राचे. ते दिवसाला दहा वाक्यं बोलतात आणि त्यातली चार "तसं म्हणता येणार नाही" हीच असतात. आणि आमची प्रश्नपत्रिका. पडद्यावर नुसते क्रमांक. "रोग्यांची नावं?" मी विचारलं. "नावं आम्हाला दिसतच नाहीत, आणि दिसू नयेत," ती म्हणाली. हे मला आवडलं. ती बादली नाही आवडली. परत येताना मी भावाला फोन लावला आणि तो शब्द देऊन बसले. त्याच्याकडे पक्की जागा आहे, उजेड आहे, खिडकी आहे.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात तळघरात पोटॅशियमचं प्रकरण सुरू झालं.

रक्तात पोटॅशियम नावाचा क्षार असतो. तो फार वाढला तर हृदयाचा ठोका बिघडतो, म्हणून रिपोर्टात तो जास्त दिसला की डॉक्टर धावपळ करतात. औषधं सुरू, पुन्हा सुई, पुन्हा तपासणी. यांच्या हॉस्पिटलात असे रिपोर्ट वाढले होते, आणि बरेचदा दुसऱ्या तपासणीत सगळं ठीक निघायचं. एका आजीबाईंचं हर्नियाचं ऑपरेशन तर यासाठी दोनदा पुढे ढकललं. लॅबचं यंत्र दोनदा तपासून झालं, ते निर्दोष. तेव्हा वरून हुकूम आला, की कोणत्या रोग्याचं पोटॅशियम वाढणार हे आधीच ओळखेल असं काहीतरी कॉम्प्युटरवर तयार करा. महिनाअखेर बैठक. ते जमलं तर मुलीच्या कराराचा विचार होणार.

यांनी तयार केलं. आणि ते असं काही अचूक निघालं की डॉक्टरबाईंनी खोलीत सगळ्यांना बिस्किटं वाटली. दहातले नऊ रोगी बरोबर! आकडेमास्तरही म्हणे हसले. आमची बाई मात्र संध्याकाळी घरी आली ती तोंड पाडून.

"बरोबर येतंय ना? मग झालं काय?" बाबांनी विचारलं.

"फार बरोबर येतंय. म्हणून मी आत डोकावले, की हे ओळखतंय कशावरून. वय? नाही. किडनी? नाही. औषधं? थोडीशी. सगळ्यांत जास्त वजन दिलंय खाटेच्या मजल्याला. तिसरा मजला आणि रविवार, की पोटॅशियम जास्त!"

"लिफ्टवाल्याची मुलगी," बाबा म्हणाले, "मजला ओळखणारच."

"बाबा, आजार मजला बघून येतो का? हे रोगी ओळखत नाहीये. हे दुसरंच काहीतरी ओळखतंय, आणि आम्ही बिस्किटं खातोय."

मी मनात म्हटलं, गप्प बस ना बाई! जमलंय तर जमलंय म्हण, करार वाढवून घे. तोंडानं एवढंच म्हणाले, "बैठकीत हे सांगायलाच हवं का?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की मी पातेली घासायला उठले.

दुसऱ्या दिवसापासून ती घड्याळाच्या मागे लागली. प्रत्येक ट्यूबवर रक्त काढल्याची वेळ असते, लॅबमध्ये पोचल्याचीही. दोन्ही वेळा दोन वेगळ्या कॉम्प्युटरांत, एकमेकांना न ओळखणाऱ्या. तिनं त्यांची गाठ घालून दिली. तर काय! रविवारी सॅम्पल न्यायला माणसाची एकच फेरी होती, दुपारी एक वाजता. सकाळी सहाला काढलेलं रक्त सात तास वॉर्डातच! ती आनंदानं ओरडलीच. आकडेमास्तर म्हणाले, "तसं म्हणता येणार नाही. बाकीच्या मजल्यांवरही तेच सात तास आहेत. तिथे एवढं वाढत नाही."

झालं. चार दिवस घरात नुसतं तिसरा मजला, तिसरा मजला. जेवताना, केस विंचरताना. रविवारी दुपारी उरलेला भात आणि सूप मी डब्यांत काढत होते, ती टेबलाशी बोटानं आकडे काढत होती.

"तेच सात तास. तीच ट्यूब. तेच यंत्र. मग तिसऱ्या मजल्यावर वेगळं काय करतात?"

"सात तास राहणार असेल तर फ्रिजमध्ये ठेवत असतील," मी म्हणाले. "बाहेर ठेवून खराब नाही का होणार? मी तरी ठेवलं असतं."

माझा हात फ्रिजच्या दारावर होता. ती माझ्याकडे बघतच राहिली. मग उठली आणि डॉक्टरबाईंना फोन लावला. "मॅडम, रक्ताची ट्यूब यंत्रात न फिरवता, म्हणजे पेशी वेगळ्या न करता, तशीच फ्रिजमध्ये ठेवली तर काय होतं?"

पलीकडून डॉक्टरबाई एवढ्या जोरात ओरडल्या की मला फ्रिजपाशी ऐकू आलं. "अरे देवा! थंडीत पेशींचे पंप मंदावतात! आतलं पोटॅशियम बाहेर झिरपतं! रोग्याच्या अंगात नाही, ट्यूबमध्ये वाढतं! हे मला दुसऱ्या वर्षाला शिकवलं होतं गं, परीक्षेत लिहिलं होतं!"

मुलगी माझ्या गळ्यात पडली. हातात डबा, गळ्यात मुलगी, सूप टेबलक्लॉथवर. बाबा म्हणाले, "आता हिलाही तळघरात नोकरी द्या."

मला खरंच भरून आलं. वेळ कॉम्प्युटरला माहीत होती. बाकीचे मजले आकडेमास्तरांना. थंडीचं डॉक्टरबाईंना. आणि फ्रिज? तो माझ्यासारख्या स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या कोणालाही. चौघांपैकी एकटं कोणालाच हे सापडलं नसतं. उरलेली अर्धी म्हणजे काय, ते मला त्या सांडलेल्या सुपात कळलं. चौघांना एका टेबलाशी आणणं.

पण तो अंदाजच होता. सोमवारी ती तिसऱ्या मजल्यावर गेली. तक्रार घेऊन नाही. थोरल्या सिस्टरना म्हणाली, "मला तुमचं काम बघायचंय, अख्खी सकाळ." थोरल्या सिस्टर म्हणजे तीस वर्षं वॉर्ड सांभाळलेल्या, करड्या आवाजाच्या. त्यांनी आधी तिला दोन चादरी बदलायला लावल्या. मग चहाच्या वेळी तिनं हळूच विचारलं.

"फ्रिजमध्येच ठेवते," सिस्टर ठसक्यात म्हणाल्या. "बाकीचे ट्रेमध्ये तसंच टाकून देतात. मला नाही खपत. कोणाच्या तरी अंगातलं रक्त आहे ते. नासवू का?"

तिनं थंडीचं ते सांगितलं तेव्हा सिस्टरच्या हातातला कप तसाच राहिला. "म्हणजे ते रिपोर्ट... त्या आजीबाईंचं ऑपरेशन... माझ्यामुळे?"

"तुमच्यामुळे नाही. तुम्ही सगळ्यांत जास्त काळजी घेतलीत. सात तास ट्यूब कुठे ठेवायची, हे तुम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं."

त्या दिवशी त्या दोघी आजीबाईंची नवी ट्यूब स्वतः हातानं लॅबमध्ये घेऊन गेल्या. पोटॅशियम अगदी व्यवस्थित! ऑपरेशन झालं. आमच्या बाईला पडद्यावर एवढीच ओळ दिसली, चौथ्या दिवशी घरी गेल्या. क्रमांकाखेरीज काही माहीत नाही, पण स्वतःच्या आजीला सोडवून आणल्यासारखी ती घरभर नाचत होती.

आणि आज दुपारी बैठक. संध्याकाळी ती आली तेव्हा चप्पल एक दारात, एक बैठकीच्या खोलीत. पाणीसुद्धा न पिता सुरू झाली.

"मोठे साहेब म्हणाले, म्हणजे तुम्ही जे करायला सांगितलं होतं ते केलं नाहीत? मी म्हटलं, केलं होतं सर, पण आम्हीच ते मोडीत काढलं. कारण ते रोगी ओळखत नव्हतं, आपली चूक ओळखत होतं."

"असं तोंडावर?" मी म्हणाले.

"मग ते म्हणाले, चूक कोणाची? नाव सांगा. मी म्हटलं, सर, ट्यूब कधी काढली याची जागा आपल्या कॉम्प्युटरात आहे, कधी पोचली याची आहे. मधे ती कुठे होती, याची जागाच नाही. म्हणून कोणी लिहिलं नाही आणि कोणी विचारलं नाही. माझ्याकडे नाव नाही. आणि आई, तेवढ्यात मागून थोरल्या सिस्टर उभ्या राहिल्या!"

"त्यांना कोणी बोलावलं होतं?"

"मी! पण बोलायला नाही सांगितलं. त्या म्हणाल्या, फ्रिज माझ्या वॉर्डातला, ठेवत होते मी. आणि रविवारची सकाळची फेरी तुम्ही बंद केलीत, तेव्हा मी तीन अर्ज दिले होते, साहेब. ते तुम्ही कोणत्या फ्रिजमध्ये ठेवलेत?"

बाबा हसता हसता खुर्चीतून पडायचे बाकी होते. बैठकीतही तेच झालं म्हणे, आणि मोठे साहेबच आधी हसले. या रविवारपासून सकाळची फेरी पुन्हा सुरू. ट्यूब कुठे ठेवली ते लिहायला नवी जागा. आणि फ्रिजवर सिस्टरच्या अक्षरात पाटी, 'इथे रक्त ठेवू नये, ठेवल्यास माझ्याशी गाठ.'

"आणि तुझं?" मी विचारलं.

"मिळालं! एक वर्ष."

"फक्त एक वर्ष?"

"आई, अख्खं एक वर्ष!"

मग तिनं फोन काढला, हसतच. "हे बघ, मामानं गंमत केलीय. 'सोमवारी दहाला ये, टेबल खिडकीपाशी लावलंय.' चुकून मला पाठवलं वाटतं."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग छताकडे. तिचं हसू हळूहळू उतरलं.

"आई, तू मला विचारायला विसरलीस, की विचारायचंच नव्हतं?"

ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त एवढंच विचारलं, आत पडलेली चप्पल उचलून दारातल्या चपलेशेजारी नीट लावली आणि खोलीत गेली.

तेव्हापासून मी इथे टेबलाशी आहे. हातात तिची ती जुनी वही. मघाशी कपाटातून काढली. 'चार जिने चढून आले.' 'मामा आला होता.' वाचून एकटीच हसले. मग मनाशी म्हटलं, माझ्या त्या "येईल ती"च्या पुढे ही काय लिहील? 'बादली पाहून आली होती.' तो आकडा जिना चढून धापा टाकत घेतलेला होता. दहा मिनिटं शांत बसून मी तो पुन्हा मोजलाच नाही.

आता मोजलाय. चांगले तीन तास बसून मोजलाय.

भाऊ चिडेल. "खिडकीपाशी टेबल लावलं मी!" असं म्हणेल, आणि ते खरं आहे, त्यानं मायेनंच लावलंय. मी त्याला आधी फ्रिजची गोष्ट सांगणार आहे, सगळी, आजीबाईंपासून पाटीपर्यंत. मग सांगणार आहे, की ती येणार नाही, आणि शब्द तिनं नाही, मी मोडतेय. ब्लड प्रेशरच्या वहीचंही आता सांगूनच टाकते.

आठपर्यंत त्याच्या फोनची वाट बघत मी बसणार नाही. तो पहाटे साडेपाचला उठतो. पाच एकतीसला माझा फोन जाईल.